दऱ्या की दर्या? संगणक बदलल्यावर मराठी का मोडते

(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

आजचा विषय कळल्यावर एका मित्राचा फोन आला. म्हणाला, "इतिहासाचं व्याख्यान आहे का कम्प्युटर दुरुस्तीचं?" मी म्हटलं, दुरुस्ती करायला गेलो आणि इतिहासात अडकलो, असं समज. ते कसं झालं, तेच आज सांगणार आहे.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, धंतोलीत राहतात. जन्मभर इथल्या खंडपीठात वकिली केली, आता निवृत्त आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, हे तुम्हाला माहीत आहे. काकांचं यंत्र जुनं. विंडोज ११ ला जी सुरक्षा-चिप लागते, ती त्यात नाही. नातू हुशार, त्यानं त्यावर लिनक्स टाकून दिलं. यंत्र सुरेख चालायला लागलं. पण आठवड्याभरात काकांचा फोन आला, "अरे, मशीन सुधरली अन् मराठी बिघडली ना बा!"

जाऊन पाहिलं. दोन तक्रारी होत्या. पहिली लहान. त्यांच्या पत्राच्या माथ्यावर नावाआधी जे 'ॲड.' असतं, त्यात 'अ'च्या शेजारी ठिपक्यांचं एक वर्तुळ उगवलं होतं आणि अर्धचंद्र त्या वर्तुळावर जाऊन बसला होता. दुसरी तक्रार मोठी. काकूंनी पंधरा-वीस वर्षं गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. २००२ साली एका डीटीपीवाल्याकडून त्या टाइप करून घेतल्या. काकू आता नाहीत. हाताने लिहिलेल्या वह्यांपैकी निम्म्या वाळवीनं खाल्ल्या. उरली ती एक फाईल. आणि ती फाईल उघडली की पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसत होता.

काकांनी एकच विचारलं, "जुनं परत टाकू का? नातू वाईट वाटून घेईल, पण हिच्या ओव्या गेल्या तर मी काय करू?"

मी त्यांना म्हटलं, काका, आधी फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर काढा, आणि मूळ फाईल 'सेव्ह' करू नका. बाकीचं मग पाहू. मंडळी, आजच्या तासाभरातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. बिघडलेलं दिसतंय म्हणजे बिघडलेलंच आहे असं नाही. पण घाबरून सेव्ह केलं, तर मात्र खरोखर बिघडू शकतं.

यंत्र बदलल्यावर मराठी मजकूर चार तऱ्हांनी मोडलेला दिसतो. इंग्रजी कचरा, प्रश्नचिन्हं, रिकामे डबे आणि ठिपक्यांचं वर्तुळ. वैद्य नाडी बघतो तसं आधी हे बघायचं. कारण यातली प्रत्येक खूण एकेका काळातून आलेली आहे.

इंग्रजी कचरा

ही सगळ्यात जुनी खूण. हिची मुळं टाइपरायटरमध्ये आहेत, आणि नागपूरला ती जास्त खोल गेली आहेत. १९५६ पर्यंत आपलं शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि त्या राज्यात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. कचेऱ्यांत दोन्ही भाषांचा टंकलेखक लागे. रेमिंग्टनच्या कळपाटावर बोटं बसलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे तयार झाली. संगणक आला तेव्हा त्यांना हवा होता तोच कळपाट.

त्या वेळी देशात दोन रस्ते फुटले. एक सरकारी संशोधनाचा. आयआयटी कानपूरला ऐंशीच्या दशकात 'जिस्ट' हे तंत्र तयार झालं, पुढे ते पुण्याच्या सी-डॅककडे आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. जिस्टचं एक कार्ड संगणकात बसवलं की डॉसमध्येही देवनागरी उमटायची. त्यामागे संकेतप्रणाली होती 'इस्की', जी १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिचा विचार साधा आणि थोर होता. संगणकानं अक्षराचं चित्र साठवायचं नाही, अक्षर साठवायचं. 'कि' साठवताना आधी क, मग ऱ्हस्व इकार, म्हणजे आपण बोलतो त्या क्रमानं. इकार डावीकडे काढायचा, हे पडद्याचं काम.

दुसरा रस्ता बाजाराचा. छापखान्यांना घाई होती. पेजमेकरसारखी पानं लावणारी सॉफ्टवेअर फक्त इंग्रजी जाणत होती. मग फॉन्टवाल्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवली. संगणकाला वाटतं आपण इंग्रजीच लिहितोय, पडद्यावर दिसतं मराठी. कृतिदेव हा फॉन्ट तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. त्यात 'मराठी' लिहिलं की संगणकाच्या पोटात साठतं ते ई, जे, के, मोठा बी, एच. 'ई' म्हणजे म, 'जे' म्हणजे र, 'के' म्हणजे काना, असं. 'कि' लिहायला आधी इकाराची कळ, मग 'क'ची, कारण टाइपरायटरवर तसंच होतं. आणि प्रत्येक कंपनीची वाटणी वेगळी. एका फॉन्टचा 'म' दुसऱ्यात 'थ' होऊ शकतो.

याला नावं ठेवू नका. नव्वदच्या दशकात मराठी वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, दिवाळी अंक याच युक्तीवर निघाले. पण तिची अट अशी होती की, मजकूर आणि फॉन्ट यांची ताटातूट होता कामा नये. काकूंच्या फाईलीची नेमकी तीच ताटातूट झाली होती.

नातवानं फॉन्टची फाईल जुन्या यंत्रातून आणून टाकली होती, तरी यादीत नाव येत नव्हतं. का? तो फॉन्ट 'टाइप १' या जुन्या जातीचा, छापखान्यात चालणारा. लिबरऑफिसनं २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून ही जात घेणं बंद केलं. लिनक्सवर अक्षरं मांडणाऱ्या पँगो या भागानं २०१९ मध्ये १.४४ आवृत्तीत तेच केलं. अडोबीनंही २०२३ च्या जानेवारीत आपल्या सॉफ्टवेअरमधून तिला निरोप दिला. म्हणजे हा लिनक्सचा खोडसाळपणा नव्हता. सगळी दुनियाच ते दुकान बंद करून गेली होती. काकांच्या जुन्या यंत्रात ते उघडं राहिलं, एवढंच.

प्रश्नचिन्हं

ही खूण दिसली की मात्र धस्स व्हावं. पहिल्या प्रकारात मजकूर शाबूत असतो, ओळखता येत नाही इतकंच. इथे तो गेलेला असू शकतो.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ च्या ऑक्टोबरात आली. तिच्यातला देवनागरीचा भाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला होता. तत्त्व तेच, अक्षर साठवा, चित्र नको. पण युनिकोड आल्यावर सगळं जग एका रात्रीत बदललं नाही. बरीच वर्षं अर्धी सॉफ्टवेअर नवीन, अर्धी जुनी. नवीन सॉफ्टवेअरमधला मराठी मजकूर जुन्या संकेतात उतरवला की जुन्याकडे 'म'ला जागाच नसते. ते त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून मोकळं होतं. विंडोजचं साधं नोटपॅड २०१९ पर्यंत नवी फाईल आपणहून जुन्या संकेतातच साठवायचं. धोक्याची सूचना यायची, पण आपण 'ओके' दाबायचो. प्रश्नचिन्ह साठवलं गेलं की मागचं अक्षर परत येत नाही. म्हणून म्हटलं, आधी प्रत काढा.

काकूंच्या फाईलीत प्रश्नचिन्हांचे थवे नव्हते. मी काकांना म्हटलं, ओव्या आहेत. फक्त त्यांना कसं वाचायचं, ते शोधायचंय.

रिकामे डबे

डबे दिसले तर आनंद माना. डबा म्हणजे संगणक सांगतोय की अक्षर मला कळलं, पण काढायला चित्र नाही. फॉन्ट द्या.

हा काळ २००० च्या आसपासचा. विंडोज २००० मध्ये देवनागरी पहिल्यांदा नीट आली, सोबत 'मंगल' हा फॉन्ट. तो घडवला र. कृ. जोशी यांनी. सांगलीकडचा माणूस, कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवणारा. ज्या अक्षरांत देशभर सरकारी कागद टाइप झाले, ती एका मराठी कवीच्या हातची आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पण पुढच्या विंडोज एक्सपीत गंमत अशी की देवनागरी मुळात चालू नसायची. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, एका चौकटीत खूण करायची आणि मग ते मूळ सीडी मागायचं. आपल्याकडे मूळ सीडी किती जणांकडे होती? (हशा) बरोबर. त्यामुळे यंत्र युनिकोडचं असूनही लोक कित्येक वर्षं जुन्या फॉन्टवरच राहिले.

मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूला अडचण वेगळी होती. तिथे चांगला फॉन्ट हवा, आणि तो वाटायची मोकळीक हवी. २००० च्या आसपास 'इंडलिनक्स' नावाचा गट भारतीय भाषांसाठी काम करू लागला. २००४ मध्ये रेड हॅटनं 'लोहित' हे फॉन्ट खुले केले. ते पुरवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं. पुढे २०११ मध्ये त्यांचा परवाना आणखी सोपा झाला. आज तुमच्या लिनक्समध्ये काही न करता मराठी दिसते, त्यामागे हे सगळं आहे. कुणीतरी ठरवून दार उघडं ठेवलं.

ठिपक्यांचं वर्तुळ

आता काकांच्या 'ॲड.'कडे येऊ. मला स्वतःला सर्वांत जास्त शिकवलं ते यानं.

देवनागरीत अक्षरं ओळीनं मांडून भागत नाही. इकार मागे न्यायचा, रफार डोक्यावर चढवायचा, जोडाक्षर बांधायचं. हे करणाऱ्या भागाला आपण मांडणी-इंजिन म्हणू. लिनक्समध्ये हे काम आधी पँगो करायचं. त्या नावात ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा. मग इराणी वंशाच्या बेहदाद एस्फाहबोद यांच्या पुढाकारानं 'हार्फबझ' उभं राहिलं, तेही नाव फारसीतून आलेलं. पँगोनं, फायरफॉक्सनं, लिबरऑफिसनं एकेक करून तेच घेतलं. आज बहुतेक मुक्त सॉफ्टवेअर मराठी मांडतं ते याच इंजिनावर.

आता 'ॲ' हे अक्षर पाहा. हिंदीत ते लागत नाही. इस्कीत ए-वर चंद्र असलेलं 'ऍ' होतं, 'ऑ' होतं, पण मराठीचं 'ॲ' नव्हतं. म्हणून युनिकोडमध्येही नव्हतं. मग आपण काय केलं? आधी 'अ' टाइप केला, मग त्यावर सुटा अर्धचंद्र. दिसायला झकास. ॲप, ॲसिड, ॲडव्होकेट, सगळं असंच टाइप झालं. २००८ च्या एप्रिलमध्ये, युनिकोड ५.१ मध्ये 'ॲ'ला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक मिळाला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानं मराठी वर्णमाला अद्ययावत केली, त्यात 'ॲ' आणि 'ऑ' स्वरांमध्ये आले. कागदावर प्रश्न मिटला.

पण बोटांची सवय मिटली नाही. दोन तऱ्हेचे 'ॲ' शेजारी शेजारी चालत राहिले. माणसाला एकच दिसतात, संगणकाला वेगळे. एकानं शोधलं तर दुसरं सापडत नाही. आणि २०१८ च्या सुमारास हार्फबझमध्ये एक नियम आला, विंडोजच्या इंजिनाशी मेळ घालणारा. एका स्वराला मात्रा जोडून दुसऱ्या स्वराचं सोंग आणलं, तर मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ दाखवायचं. कारण योग्य होतं. दिसायला सारखे आणि आतून वेगळे शब्द म्हणजे फसवणुकीला वाव. पण त्या नियमात आपला 'अ' आणि अर्धचंद्रही सापडला.

म्हणजे काकांचं 'ॲड.' कुणी मोडलं नव्हतं. ते पहिल्यापासूनच उधारीवर चाललं होतं. जुनं इंजिन डोळेझाक करत होतं, नव्यानं उधारी मागितली. उपाय अर्ध्या मिनिटाचा. 'शोधा आणि बदला'मध्ये जुनी जोडी टाकायची आणि तिच्या जागी खरा 'ॲ'. काकांनी चार पत्रं आणि एक मृत्युपत्राचा मसुदा माझ्यासमोर दुरुस्त केला.

ओव्या

आता मोठं काम. फाईलमधला मजकूर काढला आणि फॉन्टचा तक्ता समोर ठेवला. कुठल्या इंग्रजी अक्षरामागे कोणतं मराठी चित्र, हे एकेक लिहून काढलं. रूपांतर करणारा एक जुना खुला प्रोग्राम मिळाला, पण तो नव्या यंत्रावर चालेना. तो पायथॉन २ मध्ये लिहिलेला, आणि पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. गंमत बघा, पायथॉन ३ वेगळं काढण्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक हेच होतं. जुन्या पायथॉनमध्ये अक्षरं आणि नुसते आकडे यांची सरमिसळ व्हायची, आणि इंग्रजीबाहेरचा मजकूर आला की तो अडखळायचा. आपल्यासारख्यांच्या सोयीसाठी झालेल्या बदलानंच आपलं हत्यार बोथट केलं. पण हत्यार खुलं होतं. नातवानं दोन संध्याकाळी बसून ते नव्यात आणलं. इकार एक घर पुढे, रफार एक घर मागे, हे त्याला काकांनी समजावलं. आजोबांना प्रोग्राम येत नव्हता, नातवाला रफार कुठे बसतो ते सांगता येत नव्हतं.

कळ दाबली आणि ओव्या आल्या. काका मोठ्यानं वाचू लागले, मी मूळ छापील प्रतीची काही पानं मिळाली होती ती धरून बसलो. तिसऱ्या पानावर काका थांबले. "हे काय? ही असं कधीच म्हणायची नाही."

ओवीत डोंगरदऱ्यांची वाट होती. पडद्यावर आलं होतं 'दर्या'. दऱ्या म्हणजे खोल दऱ्या, आणि दर्या म्हणजे समुद्र. वऱ्हाडातल्या बाईच्या जात्यापाशी समुद्र कुठून येणार?

तो प्रोग्राम हिंदीसाठी लिहिलेला. हिंदीत रफार आहे, पण आपला आडवा अर्धा र नाही. त्यानं दोन्हींना रफारच केलं. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यात स्वयंपाकी आणि गुरुजी एवढा फरक आहे, तो त्याच्या गावीही नव्हता. युनिकोडमध्ये हा र आहे, पण त्यालाही दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड करावं लागलं. द्राविडी भाषांतल्या र-साठी जो 'ऱ' ठेवला होता, त्याला हलन्त देऊन पुढचं अक्षर जोडलं की आडवा र उमटतो. शिवाय जुन्या आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी साध्या र-ला हलन्त आणि एक अदृश्य सांधा लावूनही तोच आकार येतो. म्हणजे इथेही दोन वाटा, शोधताना पुन्हा घोळ.

आणि इथेच मघाचं वाक्य परत येतं. रूपांतर झालेल्या फाईलीत सगळेच रफार झाले होते. त्यातला मूळचा कोणता आडवा र, हे आता कोणतंही यंत्र सांगू शकत नव्हतं. मूळ फाईल शाबूत नसती, तर तो फरक कायमचा गेला असता. ती होती, म्हणून तक्त्यात एक ओळ वाढवली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून चालवलं. दऱ्या परत आल्या.

नातवानं ती दुरुस्ती प्रोग्रामच्या मूळ साठ्याकडे पाठवली. सोबत कळवताना आधी लिहिलं होतं, "मराठी चालत नाही." मी म्हटलं, असं लिहिलं तर परदेशी माणसाला काय कळणार? एकच शब्द दे. काय टाइप केलं, काय दिसायला हवं, काय दिसतंय, कुठली आवृत्ती. त्यानं 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन शब्द पाठवले. त्यांचे अर्थही लिहिले.

मंडळी, मुक्त सॉफ्टवेअरबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतो फुकट आहे, वापरा. दुसरा म्हणतो फुकट आहे, म्हणून मोडतं. माझा अनुभव वेगळा आहे. मोडतं सगळंच. जुना फॉन्ट विकत घेतलेला होता, त्याचाही काळ संपलाच. फरक एवढाच की खुल्या हत्यारात 'दऱ्या' का चुकलं ते बघता येतं, आणि दुरुस्त करून पुढच्याला देता येतं. पण ते बघायला मराठी येणारं माणूस लागतं. इस्कीच्या यादीत 'ॲ' सुटला आणि त्या प्रोग्रामात आडवा र सुटला, तेव्हा तिथे कुणाचं वैर नव्हतं. ते काम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मराठीची गरज नव्हती, एवढंच.

घरी गेल्यावर एक काम करा. २००५ च्या आधीची एखादी मराठी फाईल असेल, आईच्या पाककृती, वडिलांची भाषणं, संस्थेचं इतिवृत्त, तर यंत्र बदलायच्या आधी उघडून बघा. प्रत काढा. तिच्यासोबत फॉन्टची फाईल ठेवा आणि एक पीडीएफ करून ठेवा. मग युनिकोडमध्ये आणा, आणि आणल्यावर ज्याला ती भाषा कानानं माहीत आहे अशा माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. ती चूक यंत्राला दिसली नव्हती. काकांच्या कानाला खटकली.

ओव्यांची सगळी पानं आता युनिकोडमध्ये आहेत. काकांनी त्यांची पहिली छापील प्रत नातवाला दिली. दुसरी माझ्या पिशवीत आहे, कार्यक्रमानंतर कुणाला बघायची असेल तर जरूर बघा. तिसऱ्या पानावर 'दऱ्या' बरोबर छापलंय, तेवढं मी तपासलंय.

आता प्रश्न घेऊ. हं, काकू, तुम्ही विचारा.